शेवट एक नंबर

तेजस बिरादारला मराठी वाचता येत नाही, ही गोष्ट बरकतपुऱ्याच्या नाट्यमंडळात कुणालाही ठाऊक नव्हती. आणि तो मंडळाचा पहिल्या फळीतला नट! हसू नका, हैदराबादेत असं होतं. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू, हिंदी पास होण्यापुरती, दोस्तांबरोबर 'क्या मियाँ' आणि मराठी फक्त घरात, आईच्या तोंडून उचललेली. बोलायला लागला की मात्र अस्सल. छापील अक्षरं तो बोट ठेवून, थांबत थांबत जुळवायचा. हाताने लिहिलेलं पान पुढे आलं की संपलंच.

मग पाठांतर कसं करायचा? तर त्याची आई, सत्यवतीबाई, चष्मा लावून बसायची आणि आख्खं नाटक वाचून दाखवायची. हा ते फोनमध्ये रेकॉर्ड करायचा आणि ऑफिसला जाता-येता कानात घालून ऐकायचा. आठवड्यात नाटक तोंडपाठ. तालमीला बाकीचे सगळे वह्या घेऊन उभे आणि हा पठ्ठ्या रिकाम्या हाताने. "बघा, शिका काहीतरी पोराकडून!" असं एकनाथराव इतरांना सुनवायचे. तेजस मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, किती विनयी मुलगा आहे.

एकनाथराव म्हणजे मंडळाचे प्रॉम्प्टर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, पण विंगेतून शब्द असा सोडायचे की नटाच्या कानात पडेल आणि पहिल्या रांगेला कळणारही नाही. चाळीस वर्षांत एकाही नटाला त्यांनी अडकू दिलं नव्हतं. दिग्दर्शक बदलले, नायिका लग्न होऊन गेल्या, विंगेतलं त्यांचं स्टूल तेवढं जागेवर राहिलं.

मग ती साथ आली आणि स्टूलही गेलं. थिएटरं बंद, हॉल बंद, चहाच्या टपऱ्या बंद. पहिल्या वर्षी मंडळाने हौसेने फोनवर व्हिडिओ लावून नाटकं केली. काय ती नाटकं! नायक हुंदका देतोय आणि मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होतेय. नायिका मधेच गोठून बसतेय. आणि प्रत्येकाची संहिता समोरच्या स्क्रीनवर, म्हणजे प्रॉम्प्टरची गरजच उरली नाही. एकनाथराव आपल्या चौकोनात गप्प बसून असायचे. दोन प्रयोगांनंतर तेही यायचे बंद झाले.

दुसऱ्या वर्षी, एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, साथ पुन्हा भडकली आणि एके दिवशी त्यांचा तेजसला फोन आला. आवाजात वेगळीच तरतरी होती.

"तेजस, ऐक. आमच्या घरी मोठा तमाशा झालाय. तुझी काकू स्वतःच्या चष्म्यावर बसली! आता दुकानात जायची सोय नाही, पोरगा परदेशात. तर माझा एकच चष्मा दोघं वापरतोय. सकाळी पेपर माझा, दुपारी डाळ निवडायला तिचा. संध्याकाळी मारामारी. मी म्हटलं, हे तर नाटकच आहे. लिहायला घेतलंय. दोनच पात्रं. म्हाताऱ्याचं काम तुझं."

मागून सावित्रीबाईंचा आवाज आला, "त्याला सांगा, बाईचं नावही सावित्रीच ठेवायचं. मी काय फुकट चष्मा मोडलाय?"

"ऐकलंस? रोज एक पान लिहून फोटो पाठवतो. दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. तू तरुण आहेस, तू खरं सांगशील. वाचशील ना?"

इथे तेजसने म्हणायला हवं होतं की काका, मला वाचता येत नाही. एवढंच एक वाक्य. त्याऐवजी तो म्हणाला, "हौ काका."

आणि पानं यायला लागली. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या कोऱ्या बाजूवर, शाईच्या पेनाने, बारीक तिरक्या अक्षरात. रोज दुपारी चारच्या सुमाराला. त्या वेळी तेजस घरातल्या टेबलाशी बसलेला असायचा, कानात हेडफोन, समोर कॉल. सकाळी नऊ ते रात्री नऊ हेच. कॉल संपला की मालिका, मालिका संपली की झोप. पहिलं पान त्याने मोठं करून पाहिलं, दोन शब्द जुळवले आणि सोडून दिलं. खाली इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'वा काका!' दुसऱ्या पानाखाली 'मस्त!' तिसऱ्याखाली 'कडक!' मग हात बसला. पुढे पुढे तर फोटो उघडायचाही नाही, खाली शब्द टाकून मोकळा. आई शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेली असायची. एक हाक मारली असती तर तिने येऊन वाचून दाखवलं असतं. पण कंटाळा हो, दुसरं काय! नंतर वाचून घेऊ, सगळं एकदम वाचून घेऊ, असं म्हणत म्हणत एकतीस पानं झाली.

एकतिसाव्या पानानंतर पानं थांबली. तेजसच्या ते लक्षातही आलं नाही. चार दिवसांनी मंडळाच्या चिटणीस नीलिमाताईंनी ग्रुपवर बोलून पाठवलं की सावित्रीबाई गेल्या, दवाखान्यात, कोरोनाने. तेजसला खरंच वाईट वाटलं. त्याने लगेच फोन लावला.

"काका, आत्ताच कळलं हो."

पलीकडून एकनाथराव म्हणाले, "आत्ता कळलं?"

"हौ काका, आत्ता."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याला आता तीन वर्षं झाली. साथ गेली, पण लोकांना घरात बसायची सवय लावून गेली. मंडळाचा हॉल आठवडाभर कोचिंग क्लासला दिलेला असतो, रविवारी तेवढा मंडळाकडे. फळ्यावरची त्रिकोणमिती पुसायचीही तसदी कुणी घेत नाही. मागच्या नाटकाला चौतीस प्रेक्षक आले, त्यातले सहाजण नटांच्या घरचे. "घरबसल्या फोनवर हवं ते दिसतं, कोण येणार तुमच्याकडे?" असं लोक तोंडावर सांगतात.

तर अशाच एका रविवारी सकाळी नऊ माणसं त्या हॉलमध्ये जमली होती आणि नीलिमाताई तावातावाने बोलत होत्या. "पुण्या-मुंबईची जुनी नाटकं पुरे झाली. आपल्या गावचं, आपल्यावर बेतलेलं काहीतरी करू या. मी एकनाथरावांना फोन केला होता. त्यांनी तेव्हा एक नाटक लिहिलं होतं. म्हणाले, फाडून टाकलं. मी म्हटलं, अहो, असं कसं? तर म्हणाले, पाहिजेच असेल तर तेजसकडे असेल, त्याने एकेक पान वाचलंय." त्या तेजसकडे वळल्या. "काय रे छुपा रुस्तम! आम्हाला पत्ता नाही. सांग बघू, काय आहे गोष्ट?"

सगळी माणसं त्याच्याकडे बघू लागली. तेजसने नट असल्यामुळे चेहरा तेवढा सांभाळला.

"कॉमेडी आहे," तो म्हणाला. "म्हणजे, एक नवरा-बायको, एक चष्मा... फुल कॉमेडी. आणि शेवट एकदम कडक."

"शेवट काय आहे?"

"ते आत्ता नक्को ताई. वाचूनच बघा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलिमाताईंनी फर्मान काढलं की पुढच्या रविवारी तेजसने सगळं नाटक वाचून दाखवायचं.

घरी येऊन त्याने आईला पुढ्यात बसवलं, फोन लॅपटॉपला जोडून पानं मोठी केली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. जेवण झालेलं, दुपारची वेळ, पंखा फुल. सत्यवतीबाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या.

काय सांगू, पहिली दहा पानं दोघं पोट धरधरून हसले! म्हातारा म्हणतो, चष्मा दे, बातम्या बघायच्यात. म्हातारी म्हणते, बातम्यांत माणसं मरतायत, इथे डाळीत खडे आहेत, आधी खडे. चष्म्याचं वेळापत्रक दारावर लावलेलं, पण ते वाचायला चष्मा लागतो. आई वाचता वाचता डोळे पुसत होती. "अगदी अश्शाच बोलायच्या रे सावित्रीबाई! हुबेहूब!" तेजसला वाटलं, चला, आपण 'कडक' म्हटलं ते काही खोटं नव्हतं.

पंचविसाव्या पानावर नाटकातली सावित्री खोकायला लागली. काढा घेतला, बरं वाटलं म्हणाली. सत्ताविसाव्या पानावर तिला ताप आला. आईचा आवाज जरा हळू झाला. तिसाव्या पानावर दवाखान्याची गाडी आली आणि सावित्रीने जाताना चष्मा नवऱ्याच्या नाकावर ठेवला. म्हणाली, तुम्हीच ठेवा, मला तिथे काय वाचायचंय.

त्या पानाखाली तेजसचं उत्तर होतं. 'हाहाहा, मस्त काका!'

आईने ते पाहिलं. एकतिसावं पान पुढे घेतलं.

"आज चष्म्यासाठी भांडायला कुणी नाही," तिने वाचलं. "सकाळी दवाखान्यातून फोन आला. सावित्री गेली. शेवटचं बघूही दिलं नाही. चष्मा दिवसभर माझाच आहे..."

ती थांबली. पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. चोवीस मे.

"तेजस," ती म्हणाली, "अरे, हे नाटक नाही. याच दिवशी गेल्या त्या."

मग तिची नजर खाली सरकली. इंग्रजी अक्षरं तिलाही वाचता येत होती. 'कडक काका! शेवट एक नंबर!' आणि पुढे टाळ्या वाजवणारे तीन हात.

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं, ते तेजसने बंद केलं. आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी शेजारच्या खोलीत होते रे," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे." आणि थोड्या वेळाने, "माझंही चुकलंच. लहानपणी तुझा कान धरून शिकवायला पाहिजे होतं. तू मागायचास आणि मी वाचून द्यायची."

तिने दोन फटके मारले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. माणसाची बायको गेली. त्याला कुणाला फोन करवत नव्हता म्हणून त्याने आपल्या एकुलत्या एक वाचकाला ते लिहून कळवलं. आणि वाचकाने न उघडताच टाळ्या वाजवल्या! एवढी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. त्या दिवशी त्याने पुन्हा लॅपटॉप उघडला नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉलला तब्येतीचं कारण देऊन तो बरकतपुऱ्यात एकनाथरावांच्या दारात उभा राहिला. घरातून निघताना आईने एवढंच बजावलं होतं, "पाय धर आणि खरं सांग. अर्धं नाही, सगळं."

एकनाथराव खूप वाळले होते. पण त्याला बघून तोंडभर हसले. "ये, ये! नीलिमाचा फोन आला होता. म्हणाली, तेजसने सगळ्यांसमोर तारीफ केली. बस, चहा टाकतो."

"काका, चहा नक्को. मला काही सांगायचंय. त्या शेवटच्या पानाबद्दल."

"मला माहीत आहे," एकनाथराव म्हणाले आणि चहा टाकायलाच गेले. दोन कप घेऊन आले, समोर बसले.

"मला माहीत आहे तू कशाला आलास. तुला वाटलं, तो नाटकाचा प्रवेश आहे. नंतर कधीतरी कळलं असेल आणि तेव्हापासून तुझ्या जिवाला खात असेल. अरे वेड्या, तुझी काय चूक? तिसाव्या पानापर्यंत नाटक होतं, एकतिसावं कुणीही नाटकच समजेल. नावही तेच." त्यांनी कपात बघितलं. "खरं सांगू? लाज मला वाटली. बायको गेली त्या दिवशी मी काय केलं? पेन घेतलं आणि लिहायला बसलो. तुझं उत्तर आलं, शेवट एक नंबर. मी म्हटलं, बघ एकनाथा, त्या पोराने बरोबर ओळखलं. तू तुझ्या बायकोच्या मरणाचा प्रवेश केलास, तोही टाळ्या घेणारा. मग मला ती पानं घरात ठेववेनात. त्या दिवशी फाडली. पुन्हा पेन हातात धरलं नाही. तीन वर्षं तिच्या फोटोसमोर उभं राहताना मला हेच आठवतं."

आता बघा. तेजसच्या पुढ्यात सुटका आयती वाढून ठेवलेली होती. नुसतं 'हौ काका' म्हणायचं. नेहमीसारखं. मी प्रवेश समजलो, माफ करा, म्हणायचं, चहा प्यायचा आणि उठायचं. म्हाताऱ्याने त्याला कधीच माफ केलेलं होतं. रविवारी नाटक वाचायचं, टाळ्या घ्यायच्या. कुणाला कळणार होतं?

पण समोरचा माणूस तीन वर्षं स्वतःला खात बसला होता, आणि कशापायी, तर एका न वाचलेल्या पानाखाली टाकलेल्या शब्दांपायी.

"नाही काका," तेजस म्हणाला. "मी प्रवेश नाही समजलो."

"म्हणजे?"

"मी वाचलंच नाही. मला मराठी वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. नाटकं आई वाचून द्यायची, मी ऐकून पाठ करायचो. तुमची पानं मी कंटाळा करून आईला दाखवलीच नाहीत. बघितल्याशिवाय लिहायचो. कडक, मस्त, जे बोटाला येईल ते. त्या दिवशीही तसंच लिहिलं. तुम्ही काहीही टाळ्यांसाठी लिहिलं नव्हतं. मी काही ओळखलं नव्हतं, काका. मला काहीच कळलं नव्हतं. काल आईने वाचलं तेव्हा कळलं."

पाय धरायचे राहूनच गेले.

एकनाथरावांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

"एकतीस पानांतलं एकही?"

"एकही नाही."

"ती रोज विचारायची," एकनाथराव म्हणाले. "काय म्हणाला तेजस, काय म्हणाला? मी तुझं उत्तर वाचून दाखवायचो. खूश व्हायची. दवाखान्यात जायच्या दिवशीही विचारलंन."

तेजसला मान वर करवेना. हाकलून दिलं असतं तरी तो मुकाट्याने गेला असता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, आता तेच होणार. पण एकनाथराव उठले, फडताळावरचा चष्मा घेऊन आले आणि त्याच्या शेजारी येऊन बसले.

"फोन काढ. ते पान काढ."

त्याने काढलं.

"वाच."

"काका, खरंच येत नाही."

"येत नाही तर जुळव!" एवढ्या वेळात पहिल्यांदा ते ओरडले. मग आवाज खाली आला, तो विंगेतला, फक्त नटाला ऐकू जाणारा. "मी आहे ना. अडलास की देतो शब्द. वाच."

तेजसने अक्षराखाली बोट धरलं. "आ... ज. आज. च..."

"चष्म्यासाठी."

"चष्म्यासाठी. भां... भांड..."

"भांडायला."

"भांडायला कु-णी नाही." त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तीस वर्षांचा घोडा, पहिलीतल्या मुलासारखा अडखळत होता. एकनाथराव प्रत्येक वेळी नेमका शब्द देत होते, ना लवकर ना उशिरा. "सकाळी द... दवा..."

"दवाखान्यातून."

"दवाखान्यातून फो-न आला. सा... वि..." त्याने बोट पुढे सरकवलं. "सावित्री."

पुढचा शब्द दोनच अक्षरांचा होता. त्याचं बोट त्याच्याखाली थांबलं आणि त्याने शब्दासाठी एकनाथरावांकडे बघितलं.

एकनाथराव चष्म्यातून त्या पानाकडे बघत होते. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्याने वाट पाहिली. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही नटाला असं अडकू दिलं नव्हतं.

शेवटी तेजसने स्वतःच पानाकडे बघितलं आणि ती दोन अक्षरं जुळवली.

"गेली," तो म्हणाला.